खण गल्लीतलं कारंजं

दुसऱ्यांच्या दारांवर समन्स चिकटवण्यात ज्याची उभी नोकरी गेली, त्या कृष्णातच्या स्वतःच्या दारावर शनिवारी सकाळी नोटीस लागली. चिकोडीच्या कोर्टात तो बेलिफ होता. माणूस घरात असून समोर येत नसेल, तर पंचांच्या देखत कागद दाराला कसा लावायचा, खळ किती पातळ करायची, कोपरे कसे दाबायचे, यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्यामुळं दार उघडल्यावर त्यानं मजकूर वाचलाच नाही. आधी काम तपासलं. वरचा डावा कोपरा उचलला होता. मधे फुगा राहिला होता.

"अडाणी काम," तो स्वतःशी म्हणाला आणि मग चष्मा लावून वाचायला लागला.

खण गल्ली सुधारणा मंडळाची विशेष सभा उद्या रविवारी दुपारी समाजमंदिरात भरणार होती. विषय एकच होता. अध्यक्ष श्री. कृष्णात आण्णाप्पा कांबळे यांच्यावरील 'आविश्वासा'चा ठराव. खाली सचिव भावकूची सही.

कृष्णातनं खिशातलं पेन काढलं आणि 'आविश्वासा'तला काना खोडला. आपल्यावरचा अविश्वास निदान शुद्धलेखनात तरी बरोबर असावा, एवढीच त्याची त्या घडीला अपेक्षा होती.

आत सुलाबाई, त्याची बायको, मांडीवर सूप घेऊन विडीची पानं कातरत बसली होती.

"माझ्यावर अविश्वास आणलाय," तो म्हणाला.

"व्हय?" सुलाबाईनं मान वर केली नाही. "चहा झाकून ठेवलाय बगा चुलीपाशी."

चौऱ्याऐंशी सालचा तो उन्हाळा होता. मंडळ काढल्यापासून कृष्णातच अध्यक्ष होता. दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं आणि राहू नये याची काळजी त्यानं घेतली होती. पण कामंही केली होती. गल्लीत दिव्याचे खांब आले ते त्याच्या खेपांमुळं. गटार बांधलं, वाचनालय काढलं. सीमाभागातल्या निपाणीच्या कचेऱ्यांत त्याच्यासारखं कन्नडमध्ये अर्ज मांडणारा आणि मराठीत भांडणारा माणूस गल्लीत दुसरा नव्हता. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग कोर्टातल्या लोकांबरोबर तो म्हैसूरच्या सहलीला गेला आणि तिथं त्यानं कारंजी बघितली.

रंगीत दिव्यांत पाणी नाचताना बघून इतर बेलिफांनी टाळ्या वाजवल्या, भजी खाल्ली आणि ते झोपायला गेले. कृष्णात मात्र तिथंच उभा राहिला. त्याला बाप आठवला. आण्णाप्पानं जन्मभर गल्लीशेजारच्या खणीत दगड फोडले. त्या दगडांनी गावातल्या विहिरी बांधल्या गेल्या आणि त्या विहिरींना आण्णाप्पाला शिवू दिलं गेलं नाही. तहान लागली की वरून कुणीतरी ओंजळीत ओतायची वाट बघत बसावं लागे. त्या बापाच्या गल्लीत पाणी नुसतं बघायला नाचलं पाहिजे, असं कृष्णातनं तिथं ठरवलं. ठरवताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि डोळे भरून आले की आपलं म्हणणं बरोबर आहे असं त्याला नेहमीच वाटत असे.

गल्लीच्या मोकळ्या जागेत हौद बांधला, मधे कमळ बसवलं, पंप आणला. 'संकल्पना: कृ. आ. कांबळे' अशी फरशीही लावली. उद्घाटनाला बेळगावहून एक निवृत्त न्यायाधीश बोलावले. फक्त कारंज्यात सोडायला पाणी नव्हतं. उन्हाळ्यात गल्लीला टँकर यायचा, तोही एक दिवसाआड. त्या दिवशी टँकर आला तो कृष्णातनं हौदाकडं वळवला.

"एका दिवसाचा तर प्रश्न हाय," घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना तो म्हणाला होता.

साहेबांनी कळ दाबली. कमळ आधी खोकलं. मग त्यातून लाल चिखल आला. मग एकदम माडाएवढी धार उडाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खणीकडून वाऱ्याची झुळूक आली. साहेबांचा फेटा, चष्मा आणि हातातलं भाषण भिजून चिंब झालं. गल्ली हसली. हसत नव्हता तो एकटा कृष्णात. संध्याकाळपर्यंत हौदाच्या भेगेतून सगळं पाणी जमिनीत मुरलं. आणि टँकरचं पाणी मिळालं नाही म्हणून खणीच्या तळाला झऱ्यावर उतरलेली त्याची आत्ती, गंगव्वा, पायऱ्यांवर घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला.

"वय झालं आत्तीचं," त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. "घसरली." दोन्ही वाक्यं खरी होती. कोर्टात राहून त्याला एवढं नक्की कळलं होतं की खऱ्या वाक्यांनीसुद्धा माणूस सुटू शकतो.

तर शनिवारी चहा पिऊन तो मतं गोळा करायला निघाला.

पहिल्यांदा भावकूकडं. भावकू शिंपीकाम करायचा. मशीनवरून न उठता त्यानं जयभीम घातला.

"सही केलीस?" कृष्णातनं विचारलं.

"सचिव हाय न्हवं अण्णा. सचिवाला मत नसतं, सही असती."

"आणि मतदानाला?"

"त्या वेळेला सभासद असतोय." भावकूनं दोरा दातांनी तोडला. "सभासदाचं काय सांगावं? उद्या तो काय करंल ते मला तरी काय ठावं!"

तिथून तो भावाच्या घरी गेला. देवाप्पा धाकटा. बेळगावात बँकेत कारकून होता, शनिवारी दुपारच्या बसनं घरी यायचा. आजही आला होता, आणि कधी नव्हे तो बेळगावच्या प्रसिद्ध मिठाईचा, कुंद्याचा, पुडा घेऊन आला होता.

"अण्णा, खा," देवाप्पानं पुडा पुढं केला. "काळजी करू नगंस. मी तुझ्या पाठीमागं हाय."

देवाप्पा पाठीमागं होता हे कृष्णातला ठाऊकच होतं. गेली काही वर्षं तो नेमका खुर्चीच्या पाठीमागं होता.

"पाठीमागं म्हंजे काय? मत देणार काय न्हाय?"

"बग अण्णा, मला वाटतंय तू आपणहून राजीनामा दे. मान राहतोय. मंडळ कुणीतरी घरचंच सांभाळंल."

"घरचं म्हंजे कोण?"

देवाप्पानं कुंद्याचा तुकडा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

स्वयंपाकघरातून त्याची बायको मालुबाई बाहेर आली. ती बालवाडीची शिक्षिका, बोलायला सरळ. "अण्णा, मी विरोधात मत देणार हाय," ती म्हणाली. "चहा घेणार न्हवं?"

"घेतो की," कृष्णात म्हणाला. दिवसभरात पहिलंच सरळ उत्तर मिळालं होतं आणि त्याबद्दल तिला धन्यवाद द्यावेत की काय, अशा विचारात तो चहा पिऊन बाहेर पडला. या बंडाची म्होरकी हीच, हे मात्र त्यानं मनाशी पक्कं केलं.

गंगव्वाच्या घरी तो सगळ्यात शेवटी गेला. हात मोडल्यापासून तो दारातूनच चौकशी करून परतत होता. आज आत गेला. केळी घेऊन गेला. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. प्लास्टरचा हात जुन्या लुगड्याच्या झोळीत होता. बापाच्या मागं हिनंच दोघा भावांना सांभाळलं होतं. खणीत दगडाच्या पाट्या उचलून शाळेत घातलं होतं.

"कसा हाय हात, आत्ती?"

"हाय तिथंच हाय. केळी सोलून दे, मला येत न्हाय."

त्यानं केळं सोललं. ती खात म्हणाली, "ऐकलं मी. तू काय भिऊ नगंस. माझं मत तुलाच."

एक मत पक्कं झालं. कृष्णातच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, आणि तो मनापासून खूश झाला. हातातली सालं कुठं टाकावीत म्हणून खाली बघितलं तेव्हा त्याला तिची बोटं दिसली. प्लास्टरबाहेर आलेली, वांग्यासारखी सुजलेली. तो घाईघाईनं उठला. "येतो," म्हणाला आणि सालं हातात घेऊनच रस्त्यानं चालत राहिला.

रविवारी दुपारी समाजमंदिर भरलं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. एरवी सभेला बायका आल्या तर दाराशी बसत. आज पार पुढं, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपर्यंत येऊन बसल्या होत्या. विडी कामगारांच्या युनियनमध्ये सभा भरवून भरवून त्यांना कुठं बसायचं ते कळलं होतं.

अध्यक्षावर ठराव असला तरी सभा चालवायला अध्यक्षच लागतो, असा नियम कृष्णातनंच घटनेत घातलेला होता. दुसऱ्या कुणाच्या हातात सभा जाऊ नये म्हणून घातलेला. त्यामुळं स्वतःची हजामत स्वतःच्याच हातांनी करायची पाळी आता त्याच्यावर आली होती. त्यानं घसा साफ केला.

"ठरावाचे सूचक कोण?"

त्यानं मालुबाईकडं बघितलं. मालुबाई जमिनीकडं बघत होती. बायकांच्या मधोमध कुणीतरी उठलं, पदरावरची तंबाखूची धूळ झटकली.

"मी," सुलाबाई म्हणाली.

कृष्णातचं डोकं एकदम रिकामं झालं. आणि डोकं रिकामं झालं की सवय बोलते.

"नाव?" त्यानं विचारलं.

पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं.

"सुलाबाई कृष्णात कांबळे," ती शांतपणे म्हणाली. "राहणार, तुमच्याच घरात."

मग सगळेच हसले. हसू ओसरेपर्यंत कृष्णात समोरच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभा होता. "अनुमोदक?" त्यानं विचारलं. मालुबाईनं हात वर केला.

"मला भाषण येत न्हाय," सुलाबाई बोलायला लागली. "ह्यांनी गल्लीसाठी केलं न्हाय असं कोण म्हणंल त्याच्याशी मी भांडीन. दिवे आणले, गटार आणलं. पर विचारलं कधी? गटार कुणीकडनं न्यायचं ते विचारलं न्हाय. वाचनालयात कुठलं पेपर पायजेत ते विचारलं न्हाय. कारंजं पायजे काय, हे तर घरातबी विचारलं न्हाय. म्हैसूरासनं आले आणि सांगितलं, कारंजं हुणार. मला वाटलं सासऱ्यांच्या नावानं काय चांगलं करत्यात तर करू देत. मीबी गप्प बसले. ती माझी चूक. पर टँकर वळवला त्या दिवशी मी घागर घेऊन तिथंच हुते. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि बायकांनो, ह्यांनी मला वळखलं न्हाय. घागरी घेतलेल्या बायका बघितल्या फकस्त."

कृष्णातला ते आठवेना. हेच जास्त वाईट होतं. त्याला साहेबांचा फेटा आठवत होता, फरशीवरचं नाव आठवत होतं, पण त्या घागरींच्या गर्दीत आपली बायको होती हे काही केल्या आठवेना.

"आणि आत्ती खणीत कशापायी उतरली," सुलाबाई म्हणाली, "ते मी सांगत न्हाय. सगळ्यास्नी ठावं हाय."

"ए!" कोपऱ्यातून गंगव्वाचा आवाज आला. "माझं नाव काढू नगंस! मी पडले, माझं मला पडायचं हुतं. त्याच्या डोस्क्यावर घालू नगा. त्यानं काय मला ढकललं व्हय?"

कृष्णातला वाटलं, ती शिव्या देती तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. बचावाला काय उत्तर द्यायचं?

"मतदान घेतो," तो म्हणाला. "ठरावाच्या बाजूनं."

बायकांच्या बाजूनं हात वर झाले, काही पुरुषांचेही. भावकूतल्या सभासदानं सचिवाला न विचारता हात वर केला. देवाप्पाचा हात कानापर्यंत आला, मालुबाईनं त्याच्याकडं बघितलं, कृष्णातनंही बघितलं, आणि देवाप्पानं तिथंच कान खाजवला.

"ठरावाच्या विरुद्ध."

जुने मित्र होते, वाचनालयात बसणारी माणसं होती, म्हैसूरला न गेलेली पण कारंजं आवडलेली चारदोन माणसं होती. भावकूनं मोजलं, पुन्हा मोजलं. "एकानं कमी पडतंय, अण्णा," तो हळूच म्हणाला.

तेव्हा गंगव्वानं झोळीतून उजवा हात काढला. डावा धड होता, पण मत द्यायचं ते उजव्या हातानंच, असं तिच्या मनात असावं. डाव्या हातानं कोपराला आधार देत तिनं प्लास्टरचा हात दात-ओठ खात वर केला.

"आता सारखी झाली," भावकू म्हणाला. "आता काय करायचं वो?"

"मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं मत निर्णायक," कृष्णात म्हणाला. हाही नियम त्याचाच. घटना लिहिताना या कलमाखाली त्यानं समाधानानं रेघ मारली होती.

वाचलो, असं त्याला वाटलं. खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा तसंच वाटलं. मग त्यानं बघितलं तर म्हातारी हात खालीच घेत नव्हती. मोजणी संपली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कपाळावर घाम आला होता, कोपर थरथरत होतं, आणि ती त्याच्याकडं बघत होती. तो लहान असताना शाळेच्या दारात सोडून परत खणीकडं जाताना बघायची, तशी.

"आत्ती, हात खाली घे," तो म्हणाला.

"मोजला न्हवं?"

"मोजला. घे खाली." मग तो भावकूकडं वळला. "अध्यक्षांचं मत ठरावाच्या बाजूनं. लिही."

भावकू गोंधळला. "म्हंजे कुणाच्या बाजूनं?"

"माझ्या विरुद्ध, भावकू. माझा माझ्यावर विश्वास न्हाय. लिही, आणि अविश्वासाला काना देऊ नगंस."

"येडा हाईस काय रं, किस्ना!" गंगव्वा ओरडली. "इतका येळ मी हात वर करून बसले कशाला मग? आधी सांगायचं न्हाय व्हय?"

या वेळी हसताना कृष्णातही हसला. हसता हसता त्याला चष्मा काढून पुसावा लागला, आणि तो बराच वेळ पुसत राहिला.

नव्या अध्यक्षाचं नाव सुचवा, असं भावकू म्हणाला तेव्हा देवाप्पानं सदऱ्याची गुंडी लावली आणि तो किंचित पुढं सरकून बसला. बायकांनी सुलाबाईचं नाव घेतलं. "मला विड्या वळायच्या हाईत," ती म्हणाली. "मालूचं घ्या." मालुबाईच्या नावाला विरोध करायला कुणी उठलं नाही. देवाप्पानं गुंडी पुन्हा सोडली. "उकडतंय लई," तो म्हणाला.

मालुबाईनं उभ्या उभ्या पहिलं काम सांगितलं. कारंज्याचा पंप खणीच्या झऱ्यावर न्यायचा, हौदाची भेग बुजवायची, पाणी वर आणून हौदाला तोट्या बसवायच्या. "अण्णा," ती कृष्णातकडं वळून म्हणाली, "कमळ काढायचं काय ठेवायचं, तुम्ही सांगा."

इतक्या वर्षांत त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. कारण सांगायचा तो स्वतःच. "सगळ्यास्नी विचारा," तो म्हणाला, आणि हे वाक्य आपल्या तोंडून निघालं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

सभेनंतर तो आणि सुलाबाई घरी आले. तिनं भाकरी थापायला घेतली. तो चुलीशेजारी पाटावर बसला.

"मला घरात सांगायचं न्हाय व्हय?" शेवटी त्यानं विचारलं.

"घरातबी तुम्ही अध्यक्षच असता," ती तव्यावर भाकरी टाकत म्हणाली. "सांगायचं कुणाला?"

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"त्या दिवशी तू होतीस ते मला दिसलं न्हाय," तो म्हणाला. "खरंच दिसलं न्हाय, सुला."

"ठावं हाय," ती म्हणाली. तिनं भाकरी उलटली. जरा वेळानं त्याच्या ताटात वाढून म्हणाली, "मतदानाचं वाईट वाटलं काय?"

"त्याचं न्हाय. तू नाव सांगितलंस तेव्हा लोक हसले, त्याचं जरा वाटलं."

"मी काय करू? तुम्हीच विचारलं."

पावसाच्या आधी हौदाला तोट्या बसल्या. कमळ राहिलं. सगळ्यांना विचारल्यावर निम्म्या बायकांनी काढा म्हटलं, निम्म्यांनी राहू दे म्हटलं, आणि गंगव्वानं सांगितलं की पोरानं हौसेनं बसवलंय, तर असू दे. पाणी सकाळी सुटायचं. पहिल्या सोमवारी कोर्टात जायच्या आधी कृष्णातनं आपली आणि आत्तीची अशा दोन घागरी उचलल्या आणि तो हौदापाशी गेला. गल्लीतल्या बायकांनी आजवर पुरुष माणसाला घागर घेऊन आलेलं फारसं बघितलं नव्हतं, त्यातून हा.

"माजी अध्यक्ष," एकीनं हाक मारली, "रांग तिकडनं सुरू हुतीया."

तो मुकाट्यानं शेवटी जाऊन उभा राहिला. सुलाबाई बरीच पुढं होती. ऊन चढायला लागलं होतं. रांग सरकत होती, पण वाकडी सरकत होती, आणि दोन तोट्यांना एकच रांग का, हे त्याला कळेना. एका तोटीला मोठ्या घागरी आणि दुसरीला लहान भांडी लावली तर वेळ वाचला असता. नंबर दिले असते तर आणखी बरं. त्यासाठी एक लहानशी समिती नेमून, तिच्यावर एखादा अनुभवी माणूस...

"मंडळी," त्यानं तोंड उघडलं.

सुलाबाईनं वळून बघितलं. तिच्या मागोमाग सगळी रांग वळली.

"काय न्हाय," कृष्णात म्हणाला. "सरका फुडं." आणि दोन्ही घागरी उचलून तोही एक पाऊल पुढं सरकला.